शत्रूलाही नाव असते

पालकसभेच्या दिवशी एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. कधी एखाद्या कॅडेटचे वडील विचारतात, कधी सुटीवरून परत आलेला नववी-दहावीतला मुलगा, तर कधी चहाच्या वेळी आमचेच एखादे ड्रिल उस्ताद. शब्द वेगवेगळे असतात, पण मुद्दा एकच: "सर, जगातली सगळी माणसे सारखीच, असे तुम्ही मुलांना वर्गात शिकवता. मग उद्या सीमेवर उभे राहिल्यावर ही मुले गोळी कशी चालवतील?"

प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही साधी शाळा असती, तर मानवतेवर चार सुविचार फळ्यावर लिहून भागले असते. इथल्या मुलांपैकी बरीचशी पुढे एनडीएत जातील. त्यातल्या काहींच्या हातात पंचविशीच्या आत शंभर जवानांची कंपनी येईल. त्यांच्या एका शब्दावर माणसे जगतील किंवा मरतील. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला नीट द्यावेसे वाटते. मी इतिहास शिकवतो, तेव्हा उत्तरही इतिहासातूनच देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. समोरचा शत्रू हाही आपल्यासारखाच माणूस आहे, ही जाणीव सैनिकाला दुबळे करत नाही. ती त्याच्या शिस्तीचा भाग आहे. जो सैनिक ही जाणीव विसरतो, तो आधी चांगला सैनिक राहत नाही आणि मग चांगला माणूसही राहत नाही.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. बेंगळुरूच्या उत्तरेला जालहळ्ळी आहे. आज तिथे हवाई दलाचा मोठा तळ आहे आणि हवाई दलाचे तांत्रिक महाविद्यालय आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो भाग बसमधून जाताना पाहिला असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच परिसरात इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या. १९४०-४१ च्या हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इटलीच्या सैन्याचा मोठा पराभव झाला आणि अवघ्या दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक सैनिक कैद झाले. एवढ्या माणसांना ठेवायचे कुठे? त्यातल्या हजारोंना जहाजांतून हिंदुस्थानात आणले गेले. डेहराडून, योल, भोपाळ, रामगढ आणि आपले बेंगळुरू इथे त्यांच्यासाठी काटेरी तारांच्या आत वसाहती उभ्या राहिल्या.

आता त्याच वर्षी दुसरीकडे काय चालले होते ते पाहा. मार्च १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनची लढाई झाली. उंच, उघडे डोंगर, वर इटालियन ठाणी आणि खालून चढणारे आपले जवान. त्या जवानांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतली, नाचणी-भाकरी खाऊन वाढलेली मुले. 'केरेन' हा मराठा रेजिमेंटचा लढाईचा सन्मान आहे. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये ज्यांचे वडील किंवा आजोबा घडले, त्यांनी हे नाव घरात ऐकलेले असेल. तेव्हा इटालियन हा आपला शत्रू होता आणि मराठे त्याच्याशी जीव तोडून लढले.

पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. कालचा शत्रू आज आपल्या बाजूने उभा राहिला. बेंगळुरूच्या छावणीत जेवढे इटालियन कैदी होते, तेवढीच माणसे तेवढ्याच रागलोभांसह तिथेच होती. त्यांच्या रक्तात काही बदल झाला नव्हता. बदलला होता तो रोममध्ये झालेला एक निर्णय.

त्यानंतर इटलीच्या भूमीवर जर्मनांशी लढायला जे सैन्य गेले, त्यात सुमारे पन्नास हजार हिंदी जवान होते. केरेनला इटालियनांशी लढलेली ती तिसरी मराठा पलटणही त्यात होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे सरकले. ते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, वय बावीस. जवळून सुटलेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे जण एक तर पडले किंवा जखमी झाले. घाडगे थांबले नाहीत. ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी तोफ आणि ती चालवणारा बंद केला, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी जवानांचे. ५,७८२ हिंदी जवान त्या मातीत कायमचे राहिले.

जुलै २०२३ मध्ये, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, इटलीतल्या मोंतोने या छोट्याशा गावाने आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ असा: आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या देशाच्या सैन्याशी ही पलटण १९४१ मध्ये लढली, त्याच देशातल्या एका खेड्याने तिच्या जवानाला आपला मानले. मोंतोनेच्या लोकांना घाडग्यांची भाषा येत नव्हती. माणगाव कुठे आहे हे त्यांना नकाशात शोधावे लागले असेल. पण कुणाचा तरी बावीस वर्षांचा मुलगा आपल्या गावाजवळच्या रानात मेला, एवढे त्यांना कळत होते आणि तेवढे पुरेसे होते.

याच वर्षांत आपल्या कोल्हापूरजवळ काय घडत होते, तेही सांगायला हवे, कारण ते पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही. युद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंड ताब्यात घेतला आणि लाखो पोलिश लोकांना सायबेरियात आणि मध्य आशियात हाकलून दिले. १९४१ नंतर त्यातले काही सुटले आणि इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष सैन्यात भरती झाले. उरल्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले, त्यातली कित्येक अनाथ. जामनगरच्या जामसाहेबांनी मुलांसाठी बालाचडीला घर उघडले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याहून मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात, वळिवडे इथे होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत होती, मुलांचे स्काउट पथक होते.

पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याने तोवर पोलंडचे नावही ऐकलेले नसेल. त्याला एवढेच दिसले असेल की, या गोऱ्या बायका साहेबाच्या बायकांसारख्या नाहीत. यांच्या अंगावर धड कपडे नाहीत आणि यांची पोरे खंगलेली आहेत. १९४३ साल आपल्याकडेही सुकाळाचे नव्हते. बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. तरीही त्या पाच हजार लोकांना कोल्हापूरच्या मातीने पाच वर्षे सांभाळले.

गंमत म्हणा किंवा नियती म्हणा, वळिवड्यात राहणाऱ्या बायकांचे नवरे, भाऊ आणि मुलगे ज्या पोलिश सैन्यात होते, ते सैन्य तेव्हा इटलीतच लढत होते. मॉन्ते कासिनोच्या ज्या डोंगरासाठी आधी आपल्या चौथ्या हिंदी डिव्हिजनने रक्त सांडले, तो मठ अखेर १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिकांच्या हाती आला. म्हणजे मराठी घरातला मुलगा आणि पोलिश घरातला मुलगा इटलीतल्या एकाच मोहिमेत लढत होते आणि एकाची आई दुसऱ्याच्या आईला कोल्हापूरच्या बाजारात भेटत असेल. बेंगळुरूच्या तारेआड इटालियन पोरगा आपल्या आईच्या पत्राची वाट पाहत होता. तीन देश, तीन भाषा आणि तिन्ही घरांत एकच काळजी.

पोलिश लोक गेले, तेव्हा फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे वळिवड्याच्या त्याच छावणीत राहायला आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्याने चूल पेटवली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. कोल्हापूरच्या कॅडेटांनी हे मान वर करून सांगावे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. ही जाणीव असली, तर सैनिकाचा हात कचरेल का?

यशवंत घाडग्यांचा हात कचरला नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर लढलेले शिपाई नामदेव जाधव यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. ते पहिल्या मराठा पलटणीचे, अहमदनगर जिल्ह्यातले. मशिनगनचा मारा चालू असताना त्यांनी प्रथम आपल्या दोन जखमी सोबत्यांना पाठीवर घेतले आणि एकेकाला खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले. मग ते परत गेले आणि एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या चौक्या मोडल्या. ज्याच्या मनात माणसाची एवढी ओढ होती, त्याच्याच हातून हा पराक्रम झाला. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. सैनिक लढतो तो मागे उभ्या असलेल्या माणसांसाठी. त्याला समोरच्याचा द्वेष करावाच लागतो, हा समज लढाई न पाहिलेल्यांचा आहे.

उलट द्वेष हा फार वाईट उस्ताद आहे, हे सैन्याचा कोणताही जाणता अधिकारी सांगेल. द्वेषाने पेटलेला जवान गोळीबाराची शिस्त पाळत नाही, हुकमाची वाट पाहत नाही. तो कैद्याला मारहाण करतो आणि त्याच्याकडून मिळू शकणारी माहिती घालवतो. तो गावकऱ्यांवर हात टाकतो आणि काल जे गाव वाट दाखवत होते, ते उद्या त्याच्या विरोधात उभे राहते. शरण आलो तरी मारले जाणार, हे शत्रूला कळले, की तो शेवटच्या गोळीपर्यंत लढतो आणि त्याची किंमत आपले जवान मोजतात. म्हणजे नीतीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब माणुसकीच्याच बाजूने लागतो.

पण मला नीतीचा विचार बाजूला ठेवायचा नाही, कारण खरी अवघड जागा पुढेच आहे. दहावीच्या वर्गात मी हे बोललो, की मागच्या बाकावरून नाव येते: कॅप्टन सौरभ कालिया. मे १९९९ मध्ये कारगिलच्या काकसर भागात गस्तीवर असताना ते आणि त्यांचे पाच जवान पकडले गेले. ९ जूनला त्यांची शवे परत आली, ती हालहाल करून मारल्याच्या खुणा घेऊन. मुले विचारतात, त्यांनी हे केले, मग आपण माणुसकीचे ओझे का वाहायचे?

मी त्या मुलांना गप्प करत नाही. तो राग खरा आहे आणि तो यायलाच हवा. जे झाले तो युद्धातला गुन्हा होता आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे. पण त्याच युद्धात, महिनाभराच्या आत, टायगर हिलवर काय झाले तेही त्यांना ठाऊक असायला हवे. पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान तिथे आपल्या जवानांविरुद्ध कडवेपणाने लढत पडले. आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची नोंद असलेली चिठ्ठी लिहून त्यांच्या खिशात ठेवली आणि मग शव परत पाठवले. पुढे पाकिस्तानने शेर खान यांना आपला सर्वोच्च पुरस्कार, निशान-ए-हैदर, दिला. ज्या पाकिस्तानी सैनिकांची शवे त्यांच्या देशाने ताब्यातही घेतली नाहीत, त्यांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्मानुसार दफन केले. हे करणाऱ्यांना सौरभ कालियांचे काय झाले ते ठाऊक नव्हते का? पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी केले, कारण आपण कसे वागायचे हे ते शत्रूला ठरवू देणार नव्हते. याहून मोठा विजय मला तरी सुचत नाही.

कायदाही हेच सांगतो. १९४९ चे जिनिव्हा करार भारताने १९५० मध्येच मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तिसऱ्या करारानुसार युद्धकैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढेच सांगायचे असते. त्याला नेहमी माणसासारखे वागवायचे असते आणि त्याच्या बाजूच्या लोकांनी केलेल्या अत्याचाराचा सूड त्याच्यावर काढायला स्पष्ट मनाई आहे. पहिला करार सांगतो की, जखमी माणूस कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता त्याच्यावर उपचार करायचे. युद्धकैद्यांची ने-आण आणि देखरेख हे ज्यांचे एक काम आहे, त्या कोअर ऑफ मिलिटरी पोलीसचे केंद्र आपल्याच बेंगळुरूत आहे, ही गोष्ट किती कॅडेटांना माहीत आहे?

कराराचा तो क्रम मला नेहमी लक्षणीय वाटतो. कैद्याकडून पहिली गोष्ट मागायची ती त्याचे नाव. कालपर्यंत जो दुर्बिणीतला एक ठिपका होता, त्याला त्या क्षणी नाव मिळते, जन्माचा दिवस मिळतो. १९७१ च्या युद्धानंतर असे सुमारे त्र्याण्णव हजार कैदी आपल्या ताब्यात होते. त्यांना छावण्यांत ठेवून, खाऊपिऊ घालून, १९७४ पर्यंत परत पाठवण्यात आले. ढाक्याच्या शरणागतीचे छायाचित्र आपल्या प्रत्येक बरॅकमध्ये आहे. त्यानंतरची ती दोन-अडीच वर्षे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते ती त्या विजयाचा दुसरा अर्धा भाग आहेत.

या मातीतले उदाहरण हवे असेल, तर फील्ड मार्शल करिअप्पांचे घ्या. ते कोडगूचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १९६५ च्या युद्धाच्या अखेरच्या दिवसांत त्यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट के. सी. करिअप्पा, विमान पडून पाकिस्तानच्या हाती सापडला. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली होते. मुलाला सोडण्याची तयारी त्यांनी कळवली. करिअप्पांनी ती नाकारली. सगळेच कैदी माझे मुलगे आहेत, त्यांना सगळ्यांना सारखे वागवा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. एका बापाला हे किती जड गेले असेल, ते इथल्या पालकांना सांगायला नको. मला इथे दोन गोष्टी दिसतात. आपल्या मुलाला वेगळे न मानणारा बाप दिसतो आणि युद्ध चालू असतानाही जुन्या साहेबाच्या मुलाची चौकशी करणारा शत्रूही दिसतो.

आपल्या मराठी परंपरेला हे परके नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी कठोर शब्द लिहिणारा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान, त्यालाही हे नमूद करावे लागले की महाराज मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लावू देत नसत. ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागणे मागितले, तेव्हाही दुष्ट माणसांचा नाश व्हावा असे म्हटले नाही, त्यांचे दुष्टपण जावे असे म्हटले. रोज प्रार्थनेत आपण हे म्हणतो. कधीतरी त्याचा अर्थही लावून पाहावा. शत्रुत्व संपवायचे असते. त्यासाठी कधी शत्रूवर शस्त्र चालवावे लागते, पण उद्देश विसरायचा नसतो.

इथवर रणांगणाचे झाले. पण ही परीक्षा तिथे सुरू होत नाही. ती आपल्या डॉर्मिटरीत सुरू होते. आपल्याकडे साताऱ्याचा मुलगा आहे, रोहतकचा आहे, इम्फाळचा आहे, कोल्लमचा आहे. पहिल्या आठवड्यातच कुणाच्या डोळ्यांवरून, कुणाच्या रंगावरून, कुणाच्या हिंदीवरून नावे पडतात. बहुतेक वेळा त्यात दुष्टावा नसतो, हे मी मान्य करतो. पण माणसाचे खरे नाव टाकून त्याला चेहऱ्यावरून हाक मारायची सवय इथे लागली, तर ती पुढे युनिटमध्ये जाते, आणि युनिटमधून ज्या गावात तैनाती होईल त्या गावात जाते.

ही बारीकसारीक गोष्ट नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये याच शहरात काय झाले ते आठवा. आसाममध्ये दंगली झाल्या होत्या. बेंगळुरूत मोबाइलवर अफवा पसरली की, ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार आहेत. दोन-तीन दिवसांत हजारो माणसे रेल्वे स्टेशनवर लोटली. हॉटेलात काम करणारी, सुरक्षा रक्षक, नर्सिंग शिकणाऱ्या मुली. गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या, सरकारला घाऊक एसएमएसवर बंदी घालावी लागली. अफवा खोटी होती. पण इतक्या लोकांनी तिच्यावर विश्वास का ठेवला? कारण या शहरात रोज त्यांना चेहऱ्यावरून हाक मारली जात होती. आपण इथले आहोत, असे त्यांना कुणी जाणवू दिले नव्हते. आपल्याच देशातल्या माणसांना आपल्याच देशातल्या शहरातून पळावेसे वाटले, ही कुठल्याही सैनिकाला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, कारण सैनिक त्याच देशाच्या रक्षणाची शपथ घेतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आजवर दोन लाखांहून अधिक भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम करून आले आहेत. तुमच्यापैकी कुणाला तरी उद्या निळी टोपी घालून काँगो किंवा दक्षिण सुदानमध्ये उभे राहायचे आहे. तिथे कोण कुठल्या टोळीचा हे तुम्हाला कळणार नाही, भाषा येणार नाही. हातात पाण्याचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती मात्र वाचता यायला हवी. ती वाचायची सवय बेंगळुरूच्या डॉर्मिटरीत लागली नाही, तर तिथे अचानक लागणार नाही.

म्हणून काही सूचना करतो. बेंगळुरूदर्शनाच्या सहलीत जालहळ्ळीचा इतिहास कॅडेटांना सांगितला जावा. युद्धकैद्यांविषयीचे नियम एनसीसीच्या तासाला प्रत्येक मुलाने एकदा तरी आपल्या मातृभाषेत मोठ्याने वाचावेत. सोळा डिसेंबरच्या विजय दिवसाला शरणागतीबरोबर कैद्यांच्या परतीचीही गोष्ट सांगावी. सीनियर कॅडेटांनी ठरवावे की, आपल्या हाउसमध्ये कुणालाही चेहऱ्यावरून, जातीवरून किंवा भाषेवरून हाक मारली जाणार नाही. ज्युनिअर मुले सीनियरांचे पाहूनच शिकतात, आमच्या व्याख्यानांवरून नाही. आणि पालकांना माझी विनंती अशी की, सुटीत मुलगा घरी असताना टीव्हीपुढे बसून एखाद्या अख्ख्या देशाला, धर्माला शिवी घालण्यापूर्वी जरा थांबा. त्याच्या कानावर जे पडते, ते तो शाळेत घेऊन येतो.

मला माझ्या विद्यार्थ्यांकडून दुबळेपणा नको आहे. त्यांनी पहाटे साडेपाचला मैदानावर असावे, नेम अचूक असावा, वेळ आली तर घाडगे-जाधवांसारखे मशिनगनवर धावून जावे, हीच माझी अपेक्षा आहे. पण गोळीबार थांबल्यावर समोरचा हात वर करून उभा राहील, तेव्हा आधी त्याला त्याचे नाव विचारा. जखम असेल तर बांधा. तहानलेला असेल तर आपल्या बाटलीतले पाणी द्या. मग त्याला मागे पाठवा आणि पुढच्या कामाला लागा.